अर्धेकाकांच्या अर्ध्या गोळ्या

माझ्या काकांना सगळी गल्ली अर्धेकाका म्हणते. हे आडनाव नाही आणि टोमणाही नाही. लग्न झाल्यापासून या माणसाने एकही वस्तू आख्खी खाल्लेली कोणी पाहिलेली नाही. केळं सोललं की अर्धं काकूला. पाव, बिस्किट, सफरचंद, उकडलेलं अंडं, सगळ्याचे दोन तुकडे. पेपर आला की वरची पानं काकांकडे आणि आतली काकूकडे, आणि वरची बातमी आत कुठेतरी संपत असली की दोघं एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात. एकदा काकूला शिंक आली तेव्हा काकांनी आपल्या रुमालाचा एक कोपरा पुढे केला आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्वतः शिंकून घेतलं. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काका काच कापतात. खिडक्यांच्या, टेबलांच्या, आरशांच्या काचा. त्यांच्या दुकानात मधोमध लोकरीचं जाड कापड ताणून बसवलेलं मोठं टेबल आहे. त्यावर काच आडवी ठेवायची, पट्टी लावायची, बारीक चाकाचा कटर तेलात बुडवायचा आणि एकदाच, न थांबता, रेघ ओढायची. मग काच टेबलाच्या कडेवर आणून अंगठ्याने जरा दाबलं की टक् असा आवाज होतो आणि एकाचे दोन होतात. ना चुरा, ना कपचा. काकांचा या टकवर फार जीव. दुकानाला लागूनच काकूचं पार्लर आहे, आणि मधल्या भिंतीत काकांनी एक सरकती काच बसवली आहे. ती कशासाठी, तर अर्धं बिस्किट पलीकडे द्यायला फेरा पडू नये म्हणून. मी त्यांची पुतणी, पार्लरमध्ये केस धुणं, टॉवेल धुणं, फोन घेणं ही कामं करते आणि दोघांचं सगळं बिंग मला ठाऊक आहे.

या गोष्टीत काकू मरता मरता वाचते. आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही हसायला घाबराल, आणि हसल्याशिवाय ही गोष्ट मला सांगता येत नाही.

दोघांनाही दुखणं होतं, आणि तेही वर्षानुवर्षांचं. काकांची पाठ. एका दुकानाची मोठी काच चढवताना ती हातातून सुटायला लागली. शहाण्या माणसाने सोडली असती, काकांनी धरली. काच वाचली, मणका गेला. ऑपरेशन झालं, मग त्या ऑपरेशनचं ऑपरेशन झालं, आणि पाठ होती तिथेच राहिली. काकूचं खुब्याचं हाड मोडलं होतं. नवा सांधा बसवला तो झकास बसला, पण कुठलीशी नस दुखावली आणि खुब्यापासून घोट्यापर्यंत सतत काहीतरी जळत राहायचं. दिवसभर उभं राहून केस कापणाऱ्या बाईला याहून वाईट जागा सापडली नसती. पार्लर बंद करावं लागेल की काय, हा प्रश्न रोज सकाळी शटरबरोबर वर जायचा.

दुखणी वेगळी म्हणून डॉक्टरही वेगळे, गावाच्या दोन टोकांना. काकांच्या डॉक्टरांनी त्यांना मॉर्फिनची गोळी दिली होती, पोटात गेल्यावर दिवसभर हळूहळू सुटत राहणारी. काकूच्या डॉक्टरांनी तिला ट्रामाडॉल नावाची दुखण्यावरचीच दुसरी गोळी दिली होती. या डॉक्टरांना त्या डॉक्टरांचा पत्ता नव्हता, आणि काका-काकूंना वाटायचं की त्यात काय सांगायचं, पाठ पाठीकडे आणि पाय पायाकडे.

आता नाश्त्याच्या टेबलावर या दोघांच्या गप्पा कशा चालायच्या ते ऐका. काका म्हणायचे, माझ्या गोळीने पाठ गप्प बसते, पण पोट दगड होतं आणि दुपारी डोळे मिटतात. काकू म्हणायची, माझ्या गोळीने पोट दगड होत नाही, पण मळमळतं आणि पाय जेमतेम निम्मा गप्प बसतो. असं रोज, पावाचे दोन तुकडे होत असताना. मग एका सकाळी काका पाव हातात धरून थबकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला वाटलं यांना देव दिसला.

त्यांचं म्हणणं असं होतं. दोघांनी दोन्ही अर्ध्या अर्ध्या घ्यायच्या. म्हणजे दोन्ही गोळ्यांचा गुण पदरात आणि दोन्हींचा त्रास निम्मा. काकूला ते इतकं पटलं की एवढी वर्षं सुचलं कसं नाही म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला.

मी म्हटलं, काका, पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलंय की गोळी तोडू नये. काकांनी चष्मा लावला, पाकीट वाचलं आणि हसले. त्यांच्या मते ती सूचना अडाणी लोकांसाठी होती. लोक गोळी सुरीने फोडतात, निम्मी ताटलीत उडते, एका तुकड्यात जास्त जाते नि एकात कमी, म्हणून कंपनी बिचारी हात जोडून सांगते. ज्याला तोडता येतं त्याच्याशी त्या सूचनेचा काही संबंध नाही. आणि मग ते मला दुकानात घेऊन गेले. लोकरीच्या टेबलावर गोळी ठेवली, चिमट्याने धरली, कटरने मधोमध रेघ ओढली आणि अंगठा टेकवला. टक्. दोन तुकडे, आरशात पाहावे तसे सारखे. कणभर भुकटी नाही. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे बोलायची माझी हिंमतच झाली नाही.

पुढचे काही दिवस आमच्या पार्लरमध्ये जे चाललं त्याला मी तरी आनंद सोडून दुसरं नाव देऊ शकत नाही.

काकू हसायला लागली. तुम्ही म्हणाल त्यात काय. पण काकू हसली की पूर्वी फक्त तोंड हसायचं, पाय हसत नसे. आता ती खुर्चीभोवती गिरकी घेत होती. कंगवा हातात घेऊन गात होती, आणि तिला गाता येत नाही हे तिलाही माहीत होतं. गिऱ्हाइकांना ती मनातलं सांगायला लागली. एका नवरीच्या आईला म्हणाली, केस थोडे कमी करा आणि नवऱ्यालाही थोडं कमी डोक्यावर बसवा, डोकं हलकं होईल. ती बाई रडेल म्हणून मी टॉवेल घेऊन धावले, तर ती हसून हसून खुर्चीतून घसरत होती. दुसऱ्या एकीची पुढची बट काकूने तिरकी कापली, मग ती सरळ करायला दुसरी बाजू कापली, मग पहिली, असं करत बट भुवयांच्या कितीतरी वर गेली. ती बाई आरशात बघतच राहिली. म्हणाली, मी एकदम शाळकरी दिसते. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बहिणीला तसंच कापायला घेऊन आली.

आणि काका. त्यांची तर त्या गोळीशी जुनी ओळख, त्यांना तेवढं चढायचं नाही. पण सरकत्या काचेतून काकूची गिरकी दिसली की त्यांना त्यातच चढायचं. गिऱ्हाईक काचेचं माप सांगत असायचं आणि हे भलतीकडे बघून माना डोलवायचे. मला बाजूला घेऊन म्हणाले, बघ, दुखण्याने खाल्लेली बायको मला परत मिळाली. हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते आणि मला त्यांची इतकी माया आली की मी त्यांना अर्धी कॉफी पाजली.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. सकाळचं हे सगळं नाटक दुपार व्हायच्या आत उतरायचं. काकूचा पाय पुन्हा पेटायचा आणि पूर्वीपेक्षा जास्त पेटायचा. काकांनी हिशोब केला की अर्धीने अर्धाच दिवस जाणार, ते रास्तच आहे. मग त्यांनी सरकत्या काचेतून तिला दुपारचीही एक अर्धी द्यायला सुरुवात केली. आणि ज्या दिवशी पाय फारच जळाला त्या दिवशी अर्धीवर अर्धी दिली, वर काकूने आपल्या वाट्याचं ट्रामाडॉलही घेतलं.

त्या दुपारी पार्लरमध्ये हेडबाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि केसांना काळा रंग लावून घ्यायला येतात ही गोष्ट जगापासून लपवून ठेवतात. काकूने त्यांच्या डोक्याला रंग थापला, प्लॅस्टिकची टोपी चढवली, आणि आपण शेवटच्या खुर्चीत जरा टेकली. टेकली ती झोपली. मान मागे, तोंड उघडं, घोरणं असं की कंगवे थरथरावेत. मी मागे टॉवेल पिळत होते.

हेडबाई म्हणाल्या, माझी वेळ झाली, डोकं चुरचुरतंय, हिला उठवा. सरकती काच सरकली आणि काकांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा नुसता उतू जात होता. हलक्या आवाजात त्यांनी विनवलं की काकूला कित्येक वर्षांत अशी झोप लागली नाही, कूस बदलली तरी ती जागी होते, तेव्हा कृपा करून कोणी आवाज करू नका. त्यांनी आपल्या दुकानातलं काचेच्या कडा घासायचं यंत्र बंद केलं. बाहेर जाऊन पार्लरच्या दारावरची पाटी बंदकडे फिरवून आले. वाटेत एका रिक्षावाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून हात जोडले. मीसुद्धा पंखा कमी केला. इतकी सुंदर झोप आम्ही सगळ्यांनी मिळून राखली.

हेडबाईंनी मात्र जन्मात कोणाच्या झोपेची पर्वा केलेली नव्हती. त्या थोडा वेळ थांबल्या, मग टोपीसकट उठल्या, काकूपाशी गेल्या आणि वर्गात मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्याला हलवावं तसं तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं. काकूची मान एका बाजूला पडली आणि तिथेच राहिली. घोरणं थांबलं. ते परत सुरू होईल म्हणून आम्ही वाट बघत होतो, आणि ते होत नव्हतं. हेडबाईंनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. ओठ निळे पडले होते.

मी फोन केला, अँब्युलन्सला. दारातून यायला वळसा पडतो म्हणून काका, मोडक्या पाठीचे काका, त्या सरकत्या काचेच्या चौकटीतून आत आले. कसे आले ते अजून कोणाला कळलेलं नाही. ती चौकट बिस्किटाच्या मापाची नसली तरी माणसाच्या मापाची नक्कीच नाही. फोनवरचा माणूस मला सांगत होता आणि मी ओरडून काकांना सांगत होते, खाली झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरा, श्वास द्या. काका श्वास देत होते, आख्खे. हेडबाई गुडघ्यांवर बसून काकूची नाडी धरून होत्या आणि त्यांच्या टोपीखालून काळा रंग ओघळून काकांच्या शर्टावर टपकत होता. मला त्या क्षणी हसू येत होतं आणि मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. माझी काकू माझ्यासमोर चालली होती.

अँब्युलन्समधून आलेल्या बाईने खोलीत पाऊल टाकताच विचारलं, काय घेतलंय. काकांनी काही लपवलं नाही. मॉर्फिन म्हटल्याबरोबर तिने काकूच्या पापण्या वर केल्या, बुबुळांतले काळे ठिपके अगदी टाचणीच्या टोकाएवढे झाले होते, आणि तिने एक इंजेक्शन दिलं. या औषधांना उतारा असतो हे मला तेव्हा कळलं. काकूने खोल, कर्कश श्वास ओढला. मग दुसरा. मग डोळे उघडले, आणि समोर हेडबाईंचं डोकं दिसलं.

“बाई,” काकू खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, “किती वेळ ठेवलात हा रंग?”

माझा जीव भांड्यात पडला. काका तिथेच फरशीवर बसून हसायला लागले आणि हसता हसता असे रडायला लागले की अँब्युलन्सवाल्या बाईने त्यांचीही नाडी पाहिली. काकूला उताऱ्याबरोबर पायाचं सगळं दुखणं एकदम परत मिळालं होतं. ती विव्हळत होती आणि शिव्या देत होती, आणि त्या शिव्या आम्ही डोळे मिटून ऐकल्या.

दवाखान्यात काकूला नजरेखाली ठेवलं, कारण उतारा लवकर संपतो आणि औषध मागे उरतं. तिथे आमची गाठ एका डॉक्टरीणबाईंशी पडली, ज्या फक्त दुखण्याचंच बघतात. त्यांनी दोघांची पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि दोघांचेही कान उपटले. ही दोन्ही औषधं एकाच घराण्यातली, दोन्ही श्वास मंद करतात, एकावर एक बसली की किती मंद ते आपल्या अंदाजाने कळत नाही. काकांच्या अंगाला मॉर्फिनची सवय, काकूच्या अंगाला नाही. आणि हळू सुटणारी गोळी तोडली, की दिवसभर पुरायचं औषध एकदम अंगावर येतं आणि लवकर संपतं. म्हणूनच ती सकाळची गिरकी, आणि म्हणूनच ती दुपारची आग.

काका खाली मान घालून म्हणाले की तुकडे अगदी सारखे होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुकड्यांबद्दल त्यांना शंकाच नाही. मग त्यांनी विचारलं, गोळ्या कोणी तोडल्या? काका म्हणाले, मी. पलंगावरून काकू म्हणाली, खाल्ल्या मी, तेव्हा निम्मा दोष माझा. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं उचलून आपल्या बाजूला ठेवली.

गंमत म्हणजे त्यांनी स्वतःही दोन औषधं जोडून दिलीच. काकांना त्यांची हळू सुटणारी आख्खी गोळी, आणि पाठ अचानक उसळली तरच घ्यायची एक छोटी, लवकर उतरणारी, त्याच घराण्यातली. फरक एवढाच की दोन्हींची बेरीज त्यांनी केली होती, एका माणसासाठी. काकूला तिची जुनी गोळी, जरा कमी, आणि नसेच्या जळण्यासाठी परक्या घराण्यातली दुसरी. दोघांचे डबे वेगळे, दोघांना डॉक्टर एकच, आणि घरात नाकात मारायचा उताऱ्याचा फवारा. दुखणं पूर्ण जाणार नाही, कमी होईल, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

काकू घरी आली, पार्लर उघडलं. गिरक्या बंद झाल्या, पण ती उभी राहू शकत होती. आणि इकडे काकांचं काहीतरी बिनसलं. त्यांना सारख्या जांभया यायच्या, नाक गळायचं, पंख्याखाली बसून घाम फुटायचा आणि हातावर काटा उभा राहायचा. आम्हाला वाटलं सर्दी. मग एका सकाळी दुकानातून टक् ऐवजी भलताच आवाज आला. काकांची रेघ वाकडी गेली होती आणि आख्खा आरसा टेबलावर फुटून पडला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

काकू काचेतून बघत होती. तिने कात्री ठेवली, लंगडत वळसा घालून दुकानात गेली, आणि सरळ काकांचा डबा उघडला. डबा भरलेला होता. हातातलं औषध पाहिलं की काकूचे निळे ओठ दिसतात, म्हणून त्यांनी घरी आल्यापासून एकही गोळी घेतली नव्हती. आणि काकू दिवसभर पाय ओढत असताना आपण मात्र पाठ गप्प बसवायची, हे त्यांच्या जिवावर आलं होतं.

काकू ओरडेल असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिने मला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितला आणि औषध असं एकदम बंद केलेला माणूस ते पुन्हा कसं सुरू करतो ते नीट विचारून घेतलं. ही सर्दी नव्हे, सवयीचं औषध एकदम तुटल्याचा त्रास आहे, असं म्हणत त्यांनी कमी ताकदीची गोळी सांगितली, ती मी त्यांच्या दवाखान्यातून धावत जाऊन आणली. तोवर काकूने दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर काकांना बसवलं होतं आणि स्वतः टेबलाला टेकून उभी होती. तिने गोळी काकांच्या तळहातावर ठेवली.

“आख्खी घ्या,” ती म्हणाली. “तुमची पाठ माझी नाही आणि माझा पाय तुमचा नाही.”

काकांनी गोळीवर मूठ मिटली. “मग तुला दुखेल तेव्हा मी करू काय?”

“दुखेल. तुम्ही शेजारी बसा.”

“नुसताच?”

“नुसतेच.”

काकांनी गोळी घेतली, वर आख्खा ग्लास पाणी प्यायले, आणि काकूसाठी पार्लरमधून एक खुर्ची ओढून आणली. ती बसली. फुटलेल्या आरशाचे तुकडे अजून टेबलावर तसेच पडले होते. काकूच्या गोळीची वेळ व्हायची होती, तिच्या कपाळावर आठी होती आणि पाय थरथरत होता. तिला काहीतरी अर्धं काढून द्यायला काकांचा हात सवयीने दोनदा खिशाकडे गेला आणि दोनदा रिकामा परत आला. मग ते तिच्या शेजारी नुसते बसून राहिले. काकूला खूप दुखत होतं, आणि त्यातलं काहीच काकांच्या वाट्याला आलं नाही.